इंजिन खोलण्याआधी

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साधारण ९४ किलोमीटर लांबीचा. कळंबोलीहून निघून किवळ्याला उतरेपर्यंत, वाटेत कोंडी लागली नाही तर, तासभर जातो. गाडी चार सिलिंडरची असेल आणि इंजिन मिनिटाला अडीच हजार फेरे घेत असेल, तर त्या तासाभरात क्रँकशाफ्ट दीड लाख वेळा फिरतो. दर फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात. म्हणजे तीन लाख ठिणग्या आणि तीन लाख भडके. प्रत्येक भडक्यात आतल्या वायूचं तापमान दोन हजार अंश सेल्सियसच्या वर जातं. पिस्टन असतो ॲल्युमिनियमचा, आणि शुद्ध ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना! तरी पिस्टन शाबूत राहतो, कारण भडका क्षणभराचा असतो आणि त्याची उष्णता तेल आणि पाणी लगोलग वाहून नेतात. आपण मात्र आत बसून गाणी ऐकत असतो आणि लोणावळ्याला थांबायचं की नाही यावर वाद घालत असतो.

मग एखाद्या सोमवारी सकाळी हेच इंजिन सोसायटीच्या पार्किंगमध्ये ढिम्म बसतं. अशा वेळी मनात पहिला विचार येतो तो सगळ्यांत महागड्या दुखण्याचा. पिस्टन, व्हॉल्व्ह, ईसीएम, कुठे कुठे कानावर पडलेले सगळे शब्द डोळ्यांपुढे नाचू लागतात. प्रत्यक्षात गाडीला रस्त्यात बसवणारी मंडळी बहुधा फार किरकोळ असतात: ढिली क्लिप, चिरलेली रबरी नळी, उडालेला फ्यूज, झिजलेलं झाकण. म्हणून जाणते मेकॅनिक सांगतात, आधी साधं बघा. हा सल्ला वरवर पाहता वेळ आणि पैसा वाचवण्याचा वाटतो. पण इंजिनची घडणच अशी आहे की साधं आधी बघणं हाच सर्वांत शास्त्रशुद्ध मार्ग ठरतो.

मोजक्या मागण्या

निकोलाउस ऑटो या जर्मन तंत्रज्ञाने १८७६ साली चार टप्प्यांचं इंजिन चालवून दाखवलं. हवा-इंधन आत ओढायचं, दाबायचं, पेटवायचं, धूर बाहेर टाकायचा. दीडशे वर्षं होत आली, हा क्रम बदललेला नाही. आजच्या गाडीत सेन्सर कितीही असोत, ते सगळे याच चार कामांची सरबराई करत असतात. त्यामुळे इंजिनच्या मागण्याही मोजक्याच आहेत: हवा, इंधन, वेळेवर ठिणगी आणि सिलिंडरमध्ये टिकणारा दाब, म्हणजे कॉम्प्रेशन. शिवाय सुरुवातीला कोणीतरी त्याला फिरवून द्यावं लागतं, कारण पहिला भडका उडेपर्यंत त्याच्याकडे स्वतःची ताकद नसते.

यातली हवा आपण गृहीतच धरतो. पण हिशेब मांडून बघा. पेट्रोल पुरतं जळायला त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे हवा लागली जवळपास अकरा किलो. आता अकरा किलो हवा म्हणजे किती? सुमारे नऊ हजार लिटर! चाळीस लिटरची टाकी संपेपर्यंत इंजिनने साडेतीन लाख लिटर हवा ओढलेली असते, आणि ती सगळीच्या सगळी एका घडीदार कागदातून, एअर फिल्टरमधून, गाळून घेतलेली असते. खडी आणि मातीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा हा कागद किती धूळ अडवत असेल, याची कल्पना फिल्टर काढून आपटल्याशिवाय येत नाही. गाडी चढाला दम टाकू लागली, पिकअप घेईनाशी झाली, तर बहुतेक गाड्यांत दोन-चार क्लिपा काढून हा कागद बघता येतो. पाच मिनिटांचं काम.

पावसाळ्यात या फिल्टरच्या पेटीवर उंदरांचाही डोळा असतो. जागा कोरडी, उबदार आणि अंधारी. आपल्याकडे डोंगर पोखरून उंदीर काढतात ते म्हणीत. गॅरेजमध्ये मात्र सेन्सर बदलून झाले, पंप तपासून झाला, आणि शेवटी निघालं ते उंदराचं घरटं किंवा त्याने कुरतडलेली वायर, असं खरोखर घडतं.

माहेरी निघालेली बर्था

रस्त्यात बंद पडलेल्या मोटारीची पहिली प्रसिद्ध दुरुस्ती एका बाईने केली. कार्ल बेंझने १८८६ च्या जानेवारीत आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला, पण लोक ती विकत घ्यायला धजत नव्हते. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था एका सकाळी नवऱ्याला न सांगता, ऑइगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून माहेरी, फोर्ट्सहाइमला, निघाली. अंतर शंभर किलोमीटरहून थोडं जास्त. वाटेत गॅरेज नाही, पेट्रोल पंप नाही. मुळात मोटार ही वस्तूच लोकांनी पाहिलेली नाही.

इंधनाची नळी तुंबली, तेव्हा बर्थाने टोपीची पिन घालून ती मोकळी केली. ठिणगी देणारी वायर शॉर्ट होऊ लागली, तेव्हा पायमोजा बांधायचा पट्टा काढून तिच्याभोवती गुंडाळला. इंधन संपत आलं, तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन नावाचं पेट्रोलियम द्रावण घेतलं. ते तेव्हा डाग काढायला वापरत. ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. पाणी तर वाटेत पुन्हा पुन्हा भरावं लागलं.

आता ही यादी जरा निरखून बघा. इंधन, ठिणगी, पाणी, ब्रेक. या सगळ्या प्रवासाच्या कथेत सिलिंडरच्या आत काही मोडलं, असा एकही प्रसंग नाही. ब्रेक सोडले तर जे बिघडलं ते इंजिनपर्यंत काहीतरी आणून देणाऱ्या वाटेवर बिघडलं. बर्था इंजिन खोलत बसली नाही. इंजिनपर्यंत काय पोहोचत नाहीये, एवढंच ती बघत गेली. सव्वाशेहून अधिक वर्षांनी आपणही तेच बघायचं असतं.

लाइट लख्ख, गाडी ठप्प

गॅरेजला फोन लावला की जाणता मेकॅनिक आधी एकच गोष्ट विचारतो.

“ताई, किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरतंय का, का नुसतं टिकटिक वाजतंय?”

“टिकटिक. पण दादा, लाइट तर लख्ख लागतायत. हॉर्नही वाजतोय. म्हणजे बॅटरी चांगली आहे ना?”

“बॉनेट उघडा आणि बॅटरीचं टर्मिनल हाताने हलवून बघा. पांढरं-हिरवं काही साठलंय का?”

बॅटरी चांगली, लाइट चांगले, तरी स्टार्टर का फिरत नाही? आणि मेकॅनिक दोन किलोमीटर लांबून टर्मिनलवर बोट कसं ठेवतो? शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमात याचं उत्तर आहे. टर्मिनलवर साठलेली ती पूड, म्हणजे शिशाचे आणि तांब्याचे क्षार, विजेच्या वाटेत रोध निर्माण करते. समजा तो रोध अवघा ०.०२ ओहम आहे. दोन हेडलाइट मिळून साधारण दहा अँपिअर करंट घेतात. दहा गुणिले ०.०२, म्हणजे ०.२ व्होल्टची गळती. एवढ्याने लाइट मंदावल्याचं डोळ्याला कळतही नाही. पण लहान गाडीचा स्टार्टरसुद्धा दीडशे अँपिअरच्या घरात करंट मागतो. दीडशे गुणिले ०.०२ म्हणजे तीन व्होल्ट! आधीच एवढ्या ओझ्याखाली १२.६ व्होल्टची बॅटरी साडेदहाच्या आसपास उतरलेली असते. त्यातले आणखी तीन त्या चिमूटभर पुडीने गिळले. उरलेल्यावर स्टार्टर इंजिन फिरवू शकत नाही. तीच पूड, तीच वायर, तीच बॅटरी; दहा अँपिअरला वाट मोकळी आणि दीडशेला बंद.

ती टिकटिकही ऐकण्यासारखी असते. किल्ली फिरवली की सोलेनॉइड खेचला जातो आणि स्टार्टरला मोठा करंट जोडून देतो. करंट वाहू लागताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइडला स्वतःला धरून ठेवायलाही ते पुरत नाही, तो सुटतो. सुटताच ओझं जातं, व्होल्टेज परत वर येतं, सोलेनॉइड पुन्हा खेचला जातो. सेकंदात हे कित्येकदा होतं. कानाला येते फक्त टिकटिक, आणि तिचा अर्थ असतो: करंट आहे, पण मोठ्या कामाला पुरत नाही. बॅटरी खरोखर उतरली असेल तरी हीच टिकटिक ऐकू येते. पण टर्मिनल बघायला एक मिनिट लागतं आणि नवी बॅटरी घ्यायला काही हजार रुपये.

गंमत म्हणजे ०.०२ ओहमचा रोध साध्या मल्टिमीटरने मोजता येत नाही. त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. मग युक्ती अशी: मल्टिमीटर व्होल्टवर ठेवायचा, एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीला, दुसरं त्या खुंटीवर बसवलेल्या क्लॅम्पला लावायचं, आणि कोणाला तरी सेल मारायला सांगायचं. दोन टोकांत अंतर बोटभरही नाही. जोड साफ असेल तर आकडा शून्याजवळ राहायला हवा. तिथेच अर्धा-एक व्होल्ट दिसला, तर चोर सापडला. चोराला पकडायला आपण स्टार्टरचाच दीडशे अँपिअरचा करंट वापरला!

साफ करायला दहाचा पाना, गरम पाणी, खायचा सोडा आणि जुना ब्रश पुरतो. आधी निगेटिव्ह सोडवायचा, कारण गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला तर मोठा शॉर्ट होतो, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असल्याने तिथे ठिणगी नकोच. बसवताना क्रम उलटा, निगेटिव्ह शेवटी.

फिरतंय, पण पेटत नाही

इंजिन जोमाने फिरतंय, पण सुरू होत नाही, असं असेल तर एका झटक्यात बॅटरी, टर्मिनल आणि स्टार्टर हे सगळे संशयातून सुटले. आता विचारायचं ते इंधनाबद्दल आणि ठिणगीबद्दल.

इंधनाची चौकशी कानाने करता येते. बहुतेक पेट्रोल गाड्यांत किल्ली ‘ऑन’ केली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक गुणगुण येते. टाकीत बुडवलेला पंप नळीत दाब भरत असतो. आजूबाजूला शांत असताना एकदा ती ऐकून ठेवा, म्हणजे नसेल तेव्हा ओळखू येईल. नसेल, तर आधी फ्यूज आणि रिले. आणि त्याच्याही आधी, टाकीत पेट्रोल आहे का? काटा अर्ध्यावर दिसतो म्हणून हा प्रश्न हास्यास्पद वाटतो, पण तो काटा टाकीतल्या तरंगत्या फ्लोटवर चालतो आणि फ्लोट अडकू शकतो.

इंधन पोहोचतंय का, हा प्रश्न जुनाच. उत्तरं मात्र गाड्यांबरोबर बदलत आली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी आठवत असतील. फियाट ११०० वरून बेतलेली ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची आणि टॅक्सी म्हणून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. मे महिन्यात तिचा चालक बॉनेट उघडून इंधनपंपावर ओलं फडकं टाकायचा. पंप इंजिनलाच जोडलेला, त्यामुळे तो तापायचा आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची. पंप द्रव ढकलू शकतो. वाफ नुसती दबते आणि फुगते, पुढे काही जात नाही. फडक्याने पंप थंड झाला की वाफेचं पुन्हा पेट्रोल व्हायचं आणि गाडी निघायची. आजच्या गाडीत पंप टाकीतच असतो आणि तो पेट्रोल तीनेक बार दाबाने पुढे ढकलतो. दाबाखाली द्रव सहजी उकळत नाही, म्हणून ते ओलं फडकं आता दिसत नाही.

ठिणगीची गोष्ट याहून नवलाची. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइलमध्ये वीस ते चाळीस हजार होतात आणि प्लगच्या टोकांमधल्या जेमतेम मिलिमीटरभर फटीतून उडी मारतात. पूर्वी मेकॅनिक प्लग काढून, तो इंजिनच्या अंगाला टेकवून, सेल मारून बघायचे. निळी ठिणगी दिसली की प्लग पास. पण बाहेर पास झालेला प्लग आत नापास होऊ शकतो! उघड्या हवेत मिलिमीटरभर फट ओलांडायला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये हवा दाबून दाट झालेली असते, आणि हवा जितकी दाट तितकं ठिणगीला पलीकडे जाणं कठीण. म्हणून कमजोर कॉइल किंवा झिजलेला प्लग सपाटीवर ठीक चालतो आणि चढावर, जिथे सिलिंडरमध्ये जास्त हवा भरली जाते, तिथे मिसिंग करू लागतो, म्हणजे मधूनच ठिणगी चुकवतो. जुन्या गाड्यांत प्लगच्या वायरीला चीर गेलेली असली, तर पावसाळी काळोखात बॉनेट उघडल्यावर ती बाहेरून निळसर चमकताना दिसायची. विजेला आतल्या दाट हवेपेक्षा बाहेरची ओली चीर सोपी वाटायची. हल्लीच्या गाडीत मात्र कॉइल सोडवून असे प्रयोग करू नयेत. शॉक बसतो तो वेगळा, शिवाय इलेक्ट्रॉनिक्स जळतं.

पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही एकदम गायब असतील, तर डॅशबोर्डवर किल्लीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा दिवा लुकलुकतोय का, ते बघावं. किल्लीच्या मुठीत एक चिप असते. तिला बॅटरी नसते. किल्लीच्या भोकाभोवती असलेल्या तारेच्या वेटोळ्यातून तिला चुंबकीय क्षेत्राद्वारे वीज मिळते आणि ती आपला सांकेतिक क्रमांक कळवते. क्रमांक जुळला नाही तर गाडी इंजिन सुरूच होऊ देत नाही. अशा वेळी दुसरी किल्ली लावून बघणं ही सगळ्यांत स्वस्त तपासणी.

पिवळा दिवा काय सांगतो

‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला की हल्ली कोणीही हजारभराचं यंत्र लावून कोड वाचतं. कोड म्हणजे निदान, असा समज असतो. खरं तर कोड ही साक्ष असते. ज्याला दिसलं त्याने सांगितलं. गुन्हेगार तोच, असं नव्हे.

उदाहरणार्थ पी ०१७१. अर्थ असा की पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय. हे सांगतो धुराच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर, कारण धुरात त्याला अपेक्षेपेक्षा जास्त ऑक्सिजन सापडतो. मग पुष्कळदा बदललं कोणाला जातं? त्याच सेन्सरला! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. जास्तीची हवा बऱ्याचदा फिल्टरनंतरच्या एखाद्या चिरलेल्या रबरी नळीतून चोरवाटेने आत आलेली असते. काही इंजिनांत तर ऑईल भरायचं झाकण नीट न बसल्यानेसुद्धा तोच कोड येतो. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या गाड्यांना ही स्वयंतपासणीची पद्धत सक्तीची झाली, आणि तिथे या दिव्याच्या नेहमीच्या कारणांत एक आहे पेट्रोलच्या टाकीचं सैल राहिलेलं झाकण.

मिसिंग पकडण्याची पद्धत तर अफलातून आहे. सिलिंडरच्या आत डोकावणारा कोणी नसतो. क्रँकशाफ्टवर एक दातेरी चकती असते. अनेक गाड्यांत साठ दात्यांची जागा आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले, म्हणजे फेरा कुठे सुरू झाला ते कळावं. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांना सेन्सरसमोरून सेकंदाला दात्यांच्या तीन हजार जागा सरकतात. एखादा सिलिंडर पेटला नाही की त्या क्षणापुरता क्रँकशाफ्ट किंचित मंदावतो आणि पुढचा दाता जरासा उशिरा येतो. तो उशीर मोजून संगणक सांगतो, दुसऱ्या सिलिंडरने दगा दिला: पी ०३०२.

आता इथेही साधी युक्ती आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल तर दुसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची दुसऱ्यावर लावायची. कोड पी ०३०१ झाला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइल बदला. दुसऱ्यावरच राहिला, तर कॉइल निर्दोष. आता प्लगची पाळी. अदलाबदल मात्र एका वेळी एकाच वस्तूची. प्लग आणि कॉइल दोन्ही एकदम हलवले, तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कधीच कळत नाही.

घाटात चढणारा काटा

खंबाटकी किंवा कशेडी चढताना ट्रकच्या मागे अडकलेल्या गाडीचा तापमानाचा काटा हळूहळू वर सरकू लागतो. वेग कमी म्हणून रेडिएटरवर वारा कमी, आणि इंजिनवर ओझं पुरेपूर.

इथली साधी वस्तू म्हणजे रेडिएटरचं किंवा कुलंटच्या टाकीचं झाकण. ते नुसतं झाकण नव्हे. प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं ते आतला दाब धरून ठेवतं. साधारण एक बार जास्तीच्या दाबाखाली पाणी शंभरला न उकळता १२० अंशांच्या आसपास उकळतं. या वीस अंशांच्या सवलतीवर इंजिनची सगळी थंडाई चालते. झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली, की सवलत संपली. पाणी लवकर उकळतं, वाफ होऊन निघून जातं, पातळी खाली येते, मग हेड तापून वाकडं होतं आणि हेड गॅसकेट जातं. काही शे रुपयांच्या झाकणापायी इंजिन उघडावं लागतं. आणि कुकरचा नियम इथेही लागू: गरम असताना झाकण उघडायचं नाही. दाब सुटताच आतलं तापलेलं पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.

काटा चढू लागलाच तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा फुल करावा. मे महिन्यात हे वेडेपणाचं वाटेल. पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला दुसरा छोटा रेडिएटरच. इंजिनची उष्णता तो आपल्या अंगावर सोडतो. घाम निघतो, पण हेड वाचू शकतं. तरीही काटा उतरला नाही तर बाजूला घेऊन इंजिन बंद करणं, एवढंच उरतं. गार झाल्यावर बघायचं: कुलंटची पातळी, पंख्याचा फ्यूज, पट्टा, आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेला पाचोळा.

जेव्हा काही न करणं हीच तपासणी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्यात बसल्या. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून बघावी, हा मोह अगदी साहजिक. पण आकडे बघा. बाराशे सीसीच्या चार सिलिंडरी इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला तीनशे सीसी येतात. दाबाचं प्रमाण दहास एक धरलं तर पिस्टन वर पोहोचल्यावर वर उरते फक्त ३३ मिलिलिटर जागा, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे. हवेच्या वाटेने तेवढ्याहून जास्त पाणी आत गेलं असेल तर? हवा दबते, पाणी दबत नाही. पिस्टन अर्ध्या वाटेत थांबतो, मागून फिरणारा क्रँकशाफ्ट थांबायला तयार नसतो, आणि दोघांच्या मध्ये असलेला पोलादी कनेक्टिंग रॉड वाकतो.

म्हणून पुरातून बाहेर काढलेल्या गाडीची पहिली तपासणी म्हणजे किल्लीला हात न लावणं. एअर फिल्टर ओला आहे का बघायचं. असेल तर प्लग काढून, पाणी निघेपर्यंत इंजिन रिकामं फिरवून घेणं हे गॅरेजचं काम. पाण्यात बंद पडल्याने इंजिनचं जितकं नुकसान झालेलं नसतं, तितकं त्यानंतर मारलेल्या सेलने होतं.

दोष जोडांवर का असतो

आता मूळ प्रश्न. लाखो भडके सोसणारं इंजिन झाकण, नळी, टर्मिनल यांपायीच का अडतं?

कारण आतले भाग जणू एका वेगळ्याच सुरक्षित जगात राहतात. चालत्या इंजिनात क्रँकशाफ्ट आपल्या बेअरिंगला टेकतच नाही. फिरण्याच्या वेगाने तेल मध्ये ओढलं जातं आणि काही मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी पातळ, पापुद्रा तयार होतो. सगळं वजन त्या पापुद्र्यावर तरंगतं. धातूला धातू लागत नाही, म्हणून झीज नगण्य. या जगात धूळ येत नाही आणि पाऊस पोहोचत नाही. अट एकच, तेल हवं. म्हणून ऑईलची पट्टी काढून पातळी बघणं हा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत मोलाचा रिवाज, आणि ऑईलचा लाल दिवा लागला तर पुढच्या पंपापर्यंतसुद्धा जायचं नाही. पापुद्रा गेला की काही मिनिटांत इंजिन जॅम.

बाहेरच्या जोडांचं नशीब याच्या उलट. तिथे शिसं तांब्याला भेटतं, रबर धातूवर बसतं, कागद धुळीला तोंड देतो. उन्हाने रबर तडकतं, दमट हवेने धातू गंजतो, खड्ड्यांनी क्लिपा सुटतात. इंजिनला लागणारी प्रत्येक गोष्ट अशा कुठल्या ना कुठल्या जोडातूनच आत जाते.

म्हणून साधं आधी बघायचं: दोष जोडांवरच जास्त सापडतो, जोड तपासायला सोपे असतात, आणि तिसरं कारण निव्वळ गणिताचं. समजा दोषाच्या चौसष्ट शक्यता आहेत. एकेक भाग बदलत बसलं तर वाईट दिवशी चौसष्टावर जाऊन पोहोचू. पण ‘फिरतंय का?’ यासारखा प्रश्न शक्यतांचे दोन ढीग पाडतो आणि एक ढीग सरळ बाजूला टाकतो. चौसष्टचे बत्तीस, बत्तीसचे सोळा. ढीग दर वेळी बरोबर निम्मे पडले तर सहा प्रश्नांत एकच उरतो. असे सगळे चांगले प्रश्न नेमके साधे असतात: फिरतंय का, गुणगुण येते का, कोड सरकला का.

इलेक्ट्रिक गाड्या आल्या म्हणून हे संपेल असंही नाही. त्यांत शेकडो व्होल्टची अवाढव्य बॅटरी असते, पण ती सुरक्षेसाठी गाडी बंद असताना तोडून ठेवलेली असते. तिला जोडणारे स्विच चालवायला बहुतेक गाड्यांत एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी असते. ती उतरली तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. कार्बोरेटर गेला, प्लगही जाईल. जोड मात्र राहणारच.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी अडली तर फोन करण्याआधी तीन गोष्टी बघून ठेवा. इंजिन फिरतं की टिकटिकतं? कोणता दिवा, कोणत्या रंगाचा लागला? आणि शेवटचं काम गाडीचं काय झालं होतं: बॅटरी बदलली, सर्व्हिसिंग झालं, गाडी धुतली? कारण हात लागलेल्या जागेजवळच पुष्कळदा क्लिप सुटलेली किंवा जोड ढिला राहिलेला असतो. ‘गाडी बंद पडली’ एवढंच सांगितलं तर मेकॅनिकला चौसष्टपासून सुरुवात करावी लागते. ही तीन उत्तरं हातात असतील, तर त्याने पाना उचलण्याआधीच अर्ध्याहून जास्त गाडी निर्दोष सुटलेली असते.